बंद खोलीतली गार हवा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे. माझा आवाज मोठा आणि स्वभाव थंड. त्यामुळे रडगाणे गाणार नाही, घडले तेवढे सांगतो.

माझा जन्म जबलपुरातल्या गोहलपूरचा. एका कारखान्यात पत्रा कापून ठोकला, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या बसवल्या, तळाला पाण्याची टाकी केली आणि झालो मी तयार. सत्यवतीबाईंनी मला घरी आणून हॉलच्या खिडकीबाहेर बसवले. बाहेरची कोरडी हवा ओढायची, ओली करून आत सोडायची, समोरच्या दारातून ती निघून जायची, हा माझा धर्म. बाई दर रविवारी टाकी रिकामी करून घासत. ऊन तापण्याआधी नव्या ताट्या लावत. पाहुणे म्हणत, "काकू, तुमच्याकडे तर शिमला आहे!" स्तुती कोणाला नको असते? मी आणखी जोरात घरघरत असे.

पुढे त्यांच्या मुलाने, गौरांगने, हॉलसाठी नवा कूलर आणला. त्याच सुमारास सूनबाई यामिनीला घरून काम करायची नोकरी लागली. मागची खोली तिचे ऑफिस झाली आणि मी तिच्या वाट्याला आलो.

मागच्या गल्लीत लोखंडी कपाटे बनत. दिवसभर ठोकाठोक चाले. मीटिंगमध्ये आवाज नको म्हणून यामिनीने खिडकी लावून घेतली, दारही लावले, आणि मला खोलीच्या आतच स्टँडवर उभे केले. आता बाहेरची हवा आणायची कुठून? तीच ओली हवा मी पुन्हा पुन्हा फिरवू लागलो.

यामिनी आळशी नव्हती बरे. कॅमेऱ्यात दिसणारी भिंत ती रोज पुसायची. तिथे हिरवे रोप होते, सुंदर चित्र होते. कॅमेऱ्याच्या अलीकडे मात्र चहाचे कप, बिस्किटांचा चुरा, धुळीने माखलेल्या वायरी आणि मी. वरून कीर्तन, आतून तमाशा! माझी टाकी कधी रिकामी झाली नाही, वरूनच पाणी भरले जाई. वास येऊ लागला तेव्हा तिने पाण्यात वाळ्याचे अत्तर टाकले. सगळे म्हणाले, किती छान वास येतो.

तिची पाच वर्षांची दुर्वा शाळेतून आली की आईजवळ बसायचा हट्ट धरी. "बस, पण आवाज नको हं," असे सांगून यामिनी तिला नेमकी माझ्या तोंडासमोर चटईवर बसवी. तिथे जास्त गार लागे ना! पोर बिचारी मुकाट्याने चित्रे रंगवी.

काही दिवसांनी दुर्वाला खोकला लागला. खापर फुटले बर्फाच्या गोळ्यावर. गोळा बंद झाला, मग आइसक्रीम बंद झाले, दही बंद झाले. खोकला काही बंद होईना.

एका दुपारी मोठी मीटिंग चालू होती. यामिनी बोलत होती. दुर्वाने रंगाची कांडी खाली ठेवली आणि फ्रॉकचा घोळ तोंडात कोंबला. तिचे खांदे वरखाली होऊ लागले, डोळ्यांतून पाणी आले, ओठ निळसर झाले. आवाज मात्र एवढासाही नाही. यामिनीची नजर गेली तशी ती कॅमेऱ्यासमोरून धावली. तिने धाडकन खिडकी उघडली.

"बेटा, खोकली काहून नाहीस तू?"

दुर्वाला धाप लागली होती. "मम्मा, मीटिंग चालू थी ना," ती म्हणाली.

यामिनी तिला उचलून दवाखान्यात पळाली. तिथे औषधाची वाफ दिल्यावर दुर्वाचा श्वास सुरळीत झाला. डॉक्टरांनी विचारले, "खोलीत ओल आहे का? बुरशी?"

घरी येताच यामिनीने हे सांगितले, तशी सत्यवतीबाईंनी माझी ताटी काढली. आत काळा चिखल होता आणि वळवळणाऱ्या अळ्या.

"यामिनी, हे पाणी कधी बदललं होतं वं?"

"बदललंच नाही, आई. वरून भरून राहिली होती. वास चांगला येत होता, मला वाटलं सगळं ठीक आहे."

बाई रागावल्या नाहीत. दोघींनी मिळून मला अंगणात नेले, घासले, उन्हात वाळवले. मी खिडकीबाहेर बसलो, खोलीचे दार उघडे राहिले. टेबलाखालचा कचराही निघाला.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना नाक नसते. जे पाणी भराल, त्याचीच हवा आम्ही देणार. म्हणून आमची टाकी घासा, ताट्या वाळवा, खिडकी उघडी ठेवा. आमच्यासाठी नव्हे, समोर कोण बसले आहे ते पाहून.

परवा पुन्हा मीटिंग होती. मागे कपाटांवर हातोडे पडत होते. दाराशी खेळणाऱ्या दुर्वाला ठसका लागला. तिने आईकडे पाहिले आणि घाबरून दोन्ही हात तोंडावर दाबले. यामिनी बोलता बोलता थांबली. माइक चालूच होता.

"खोक बेटा," ती म्हणाली, "जोरात खोक."