पालथा चमचा

मित्रांनो, मी एक जुना, घडीचा चमचा आहे. चमचा म्हटलं की तुम्ही एकमेकांकडे बघून डोळे मिचकावता, हे मला ठाऊक आहे. खुशाल मिचकावा. मला जे सांगायचं आहे ते त्याहून लाजिरवाणं आहे, आणि ते सांगताना माझी मान खाली जाणार आहे. माझ्या मानेतच एक सांधा आहे, आणि सगळा घोळ त्या सांध्यातच झाला.

माझा जन्म एका बोळातल्या लहानशा कारखान्यात झाला. माझा कारागीर भारी चिकित्सक स्वभावाचा माणूस होता. प्रवाशांच्या खिशात मावतील असे चमचे तो बनवायचा. पुढचं खोलगट तोंड वेगळं, मागचा दांडा वेगळा, आणि दोघांना धरून ठेवणारी एक बारीक खीळ. त्याने मला पन्नासदा उघडून मिटून पाहिलं, आणि दुकानदाराच्या हाती देताना बजावलं, "घेणाऱ्याला सांगा, हा ओला मिटायचा नसतो. सांध्यात घाण बसते." दुकानदाराने मान डोलावली, आणि पुढे कोणालाही काही सांगितलं नाही.

मला विकत घेतलं ते काकांनी. काका एका वर्तमानपत्रात दर रविवारी 'चमचाभर चव' नावाचं सदर लिहायचे. मोठ्या हॉटेलांच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. आमचं शहर एवढं मोठं की एका टोकाला सकाळचा नाश्ता करून निघालं तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पुन्हा भूक लागावी. त्या शहरातल्या दोन बाकांच्या, चार स्टुलांच्या, नुसत्या एका खिडकीच्या जागा काकांनी पालथ्या घातल्या, आणि त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात बसून मीही घातल्या.

काय काय चाखलं म्हणून सांगू! गोदीच्या फाटकापाशी हमालांना वाफाळता भात वाढणारे एक आजोबा होते. ते भाताच्या ढिगाला वाटीने खळगा पाडायचे आणि त्यात माशाचा रस्सा ओतायचे. कोर्टाच्या मागे टंकलेखकांसाठी अंडी करणारी एक बाई होती. तिच्या तव्याचा आवाज आणि टंकलेखन यंत्रांचा आवाज एकमेकांत मिसळून जायचा. जिन्याखाली तीन टेबलं मांडून बसलेल्या एका गृहस्थाकडे डोकं वाकवून जेवावं लागे. काकांना तिथे दोनदा टेंगूळ आलं, आणि तरी त्यांनी त्याची तोंड भरून स्तुती केली.

सगळीकडे ते माझ्यानेच खायचे. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "कुठे चमचा जड, कुठे हलका, कुठे प्लास्टिकचा. निवाडा सारखा करायचा तर माप एकच हवं." हे ऐकून मी फुगायचो. मी माप होतो! लेखाच्या शेवटी माझंच चित्र छापायचे. जागा आवडली तर उभा चमचा, बरी वाटली तर आडवा. आणि अगदीच बिघडलेली असली तर पालथा. पालथा चमचा चौदा वर्षांत फार तर सहा-सात वेळा छापला गेला असेल. पण तो छापला गेला की लोक तो लेख आवडीने वाचायचे, एकमेकांना वाचून दाखवायचे. खोटं कशाला बोलू, मलाही त्यात मजा वाटायची.

या सगळ्यामागे एक हात होता, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तो काकूंचा. काका घरी आले की काकू मला कढत पाण्यात टाकायच्या, सुईने माझा सांधा कोरायच्या आणि पुसून खिडकीत उघडा ठेवायच्या. तेव्हा कुठे मी दुसऱ्या दिवशी माप व्हायचो.

मग काकू लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी दुसऱ्या गावी गेल्या. सहा आठवड्यांसाठी. जाताना त्यांनी काकांना गॅस, दूध, कुंड्या, सगळं समजावलं. माझं सांगायचं राहून गेलं.

काकांनी मला धुतलं नाही असं नाही. उलट भरपूर साबण चोपडला. पण नळाखाली नुसतं धरल्यासारखं केलं, दोनदा झटकलं, आणि ओलाच मिटून खिशात टाकलं. रोज हेच. साबण माझ्या सांध्यात जाऊन बसला, वाळला, त्यावर नवा थर चढला. मला ते कळत होतं. पण त्या आठवड्यांत काकांनी कोरडे, गार पदार्थच जास्त खाल्ले, त्यामुळे साबण आपल्या जागी गप्प राहिला.

चौथ्या आठवड्यात आम्ही मोठ्या इस्पितळासमोरच्या एका खोलीवजा दुकानात गेलो. तिथे एक मावशी सूप करायच्या. एकच सूप, वाटाण्याचं, दाट, सकाळी सातपासून दुपारपर्यंत. रात्रपाळी संपवून निघालेल्या परिचारिका, रुग्णाचे नातेवाईक, गाडीवाले, सगळे हातात वाडगा घेऊन फुटपाथवर उभे असायचे. मावशींनी मला खिशातून बाहेर येताना पाहिलं आणि काकांना ओळखलं. त्यांनी टेबल तीन वेळा पुसलं. नव्या पातेल्यातला पहिला वाडगा काकांना दिला आणि लांब उभ्या राहून, आपण बघतच नाही असं दाखवत, बघत राहिल्या.

वाडगा खोल होता आणि सूप चांगलंच कढत होतं. मी मानेपर्यंत बुडालो. मित्रांनो, सांध्यातला साबण सुटताना मला स्पष्ट जाणवला. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. काकांनी एक घोट घेतला, कपाळाला आठ्या घातल्या. दुसरा घेतला. मग मला पुसून मिटलं आणि उठले. मावशींचं हसू तसंच राहून गेलं.

त्या रविवारी लेखाचं नाव होतं, 'सूप की भांडी घासल्याचं पाणी?' काकांची लेखणी त्या दिवशी भलतीच रंगात आली होती. खाली मी होतो, पालथा.

दोन आठवड्यांनी काकू परतल्या. पिशवी ठेवली, चहा घेतला आणि सवयीने मला हातात धरलं. मला उघडलं मात्र, नाकाजवळ नेलं आणि थबकल्या. सुईने थोडं टोकरलं. पांढरी, करडी वळी बाहेर आली. त्यांनी बाकीचं तसंच ठेवलं, वाटीत उकळतं पाणी घेतलं आणि मला त्यात बुडवलं.

"अहो, जरा हे चाखा."

"काय आहे?"

"चाखा तर खरं."

काकांनी घोट घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ओळखीची चव आहे का?" काकूंनी विचारलं. "तुमचा लेख मी तिकडे वाचून दाखवला सगळ्यांना. मीसुद्धा हसले, माझी मला लाज वाटतेय आता."

काकांनी वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "अगं, पण छापून दोन आठवडे झाले. आता कोण लक्षात ठेवतंय?"

"ज्यांची टिंगल झाली त्या ठेवतात. आणि हा चमचा मी धुणार नाही. आहे तसा घेऊन जा त्यांच्याकडे."

काका गेले नाहीत. त्या रविवारी दुसऱ्याच कुठल्या जागेबद्दल लिहिलं, पुढच्या रविवारीही. काकू भांडल्या नाहीत. दोन्ही वेळच्या जेवणाला मला, तसाच मळका, काकांच्या ताटाशेजारी ठेवत राहिल्या. ताटात काय आहे याकडे काकांचं लक्ष नसायचं, माझ्याकडे असायचं. चौदा वर्षं ज्याच्या खिशात मिरवलो त्याला मी डोळ्यांसमोर नकोसा झालो. बाराव्या दिवशी त्यांनी जेवण अर्धवट सोडलं, मला खिशात टाकलं आणि निघाले.

इस्पितळासमोरच्या फुटपाथवर कोणी वाडगा घेऊन उभं नव्हतं. आत एकच म्हातारा गाडीवाला बसला होता. मावशी एकट्याच कधी पातेल्याशी, कधी मोरीशी धावत होत्या. काकांना पाहून त्यांचा रंग उडाला. तरी टेबल पुसलंच.

"साहेब, आता सगळं बदललंय हो," त्या घाईघाईने म्हणाल्या. "साबण बदलला, घासणी बदलली. भांडी मी स्वतः घासते, पाच पाण्यांतून काढते."

"आधी कोण घासायचं?"

"माझी धाकटी जाऊ. एकोणीस वर्षं घासली तिनं. तुमचा लेख आला आणि मी तिला चार माणसांत नको ते बोलले. म्हटलं, तुझ्या हातांनी माझं दुकान बुडालं. तिनं हात पुसले आणि निघून गेली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही."

माझ्या अंगावर काटा येण्याची सोय नाही, नाहीतर तेव्हा आला असता. दुकान ओस पडलं हे तर दिसतच होतं. पण दोन बायकांचं एकोणीस वर्षांचं एकत्र राबणंही मी मोडलं होतं, आणि ते फुटपाथवरून कोणाला दिसलं नसतं.

काकांनी वाडगाभर कढत पाणी मागितलं. आता हे आपलं पाणीही तपासणार, असं मावशींना वाटलं. तरी त्यांनी वाडगा भरून दिला. काकांनी मला पाण्यात मानेपर्यंत बुडवलं आणि वाडगा त्यांच्यापुढे सरकवला.

"मावशी, तुम्ही चाखा."

मावशींनी चाखलं. "साबण आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"हा माझा चमचा आहे. तुमच्याकडे साबण नव्हताच. तो माझ्या खिशातून आला होता. हे मला बारा दिवसांपूर्वी कळलं, आणि तरी मी आलो नाही."

मावशी स्टुलावर बसल्या. मला वाटलं आता त्या काकांना चांगलं फैलावर घेतील. ते मला हवंही होतं. पण त्या म्हणाल्या, "मग मी तिला काय काय बोलले हो..." आणि रडायला लागल्या. मग डोळे पुसून त्यांनी पातेल्याखालची आच बंद केली. "लेखाचं नंतर बघा साहेब. आधी तिच्या दारात चला. मी एकटी गेले तर ती उघडायची नाही."

जाऊबाई एका चांभाराच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. त्यांनी दार उघडलं, मावशींना पाहिलं आणि दार लोटायला निघाल्या, तेवढ्यात काकांनी मला पुढे केलं आणि सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही, उशीर केला तेही नाही. जाऊबाईंनी ऐकून घेतलं. मला हातात घेतलं, नखाने माझा सांधा चाचपला आणि आत गेल्या. पाणी तापवलं. बाहीला लावलेली टाचणी काढून त्यांनी माझ्या सांध्यातला कण न् कण कोरून काढला. ज्या हातांवर माझ्यामुळे आळ आला त्याच हातांनी मला धुतलं, आणि तेही इतक्या हळुवारपणे की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मला कोरडं पुसून, उघडाच, त्यांनी काकांच्या तळहातावर ठेवलं. "हा ओला मिटायचा नसतो," त्या म्हणाल्या. माझ्या कारागिराचे शब्द मी इतक्या वर्षांनी पुन्हा ऐकत होतो.

मग मावशींकडे वळून त्यांनी विचारलं, "घासणी कुठली आणलीस? ती तारेची? फेकून दे. वाडग्यांवर ओरखडे पडतात." माफ केलं, असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

वर्तमानपत्राच्या कचेरीत काकांना सांगितलं, कोपऱ्यात दोन ओळी टाकू. काका ऐकेनात. त्यांनी पूर्ण लेख लिहिला आणि पालथा चमचा स्वतःच्या नावापुढे छापायला लावला. पण ज्यांनी टिंगल वाचली होती त्यांतल्या निम्म्यांनीसुद्धा माफी वाचली नाही. जाऊबाई कामावर परतल्या, काही परिचारिकाही परतल्या. तरी अजून कोणीतरी वाडगा घेताना म्हणतंच, "आज साबण बेताचा ना?" आणि दोघी जावा ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

काका आता जिथे जातात तिथल्याच चमच्याने खातात. मी घरी असतो, स्वयंपाकघरातल्या खणात, कायमचा उघडा. मित्रांनो, आपल्या वस्तू नीट धुवा, पुसा, त्यांचे सांधेकोपरे बघा. आणि कोणाचा पदार्थ तोंडात वाईट लागला तर बोलण्याआधी हातातला चमचा एकदा निरखून पाहा. मी चौदा वर्षं इतरांचं माप काढलं. माझ्या सांध्यात काय आहे हे मला ठाऊक होतं, पण दुसऱ्या कोणाला दिसलं नाही.

ज्या नातीच्या जन्माला काकू गेल्या होत्या ती आता सुटीत इथे राहायला येते आणि माझ्यानेच मऊ भात खाते. कधी कधी ती तोंड वेडंवाकडं करून घास बाहेर काढते. तेव्हा काकू भाताकडे बघत नाहीत. आधी मला उजेडात धरून माझा सांधा बघतात. अजून तरी तिथे काही सापडलेलं नाही. पण त्यांनी दर वेळी बघावं, असं मला मनापासून वाटतं.