झुंबरआत्याचा आवाज

“मिस्तरी, हिचं तोंड तर माझ्या सासूवाणी झालंय की ओ.”

मित्रांनो, या जगात मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. त्या आवाजाला खडीची धूळ लागलेली होती आणि धुळीखाली हसू होतं. पुढं तोच आवाज माझ्या तोंडून निघाला, गावोगाव गेला आणि एक दिवस थांबला. त्या दिवसापासून मी त्याची वाट बघत बसले.

मी झुंबर, हातभर उंचीची, पांगाऱ्याच्या लाकडाची जुनी कळसूत्री बाहुली. रंग उडाला आहे, उजव्या गालाला चीर गेली आहे. सात दोरे मात्र अजून शाबूत आहेत.

बेंबळीच्या अलीकडं एक लहान गाव आहे, तिथं बहात्तरच्या दुष्काळात माझा जन्म झाला. ओढा आटला, ओढ्याकाठचा पांगारा वाळला आणि शिवप्पा सुताराचं कामही वाळलं. पेरणीच नाही तर तिफण कोण करून घेणार? तो सगळ्या गावाबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. त्याच्या शेजारी विठाबाई बसायची. बौद्धवाड्यातली, तिशीतली, अंगानं काटक. तिचा हातोडा पडायचा आणि त्या ठेक्यावर ओवी निघायची:

आटल्या विहिरीला, सांगते मी कानामंदी
घागरीचा माझ्या जीव, अजून गं पाण्यामंदी

शिवप्पा मूळचा उमरग्याकडचा. लहानपणी त्यानं कानडी मुलखातले बाहुल्यांचे खेळ बघितले होते. ही ओवी ऐकली आणि त्याचे हात स्वस्थ बसेनात. जेवणाच्या सुट्टीत त्यानं वाळल्या पांगाऱ्याचा तुकडा तासायला घेतला. आठ दिवसांत मला नाक आलं, दहाव्या दिवशी डोळे आले. तेव्हाच विठाबाईला मी सासूसारखी दिसले. हसून झाल्यावर तिनं आपल्या हिरव्या लुगड्याची पट्टी फाडली आणि मला नेसवली.

पुढच्या साली दूध संघानं ठरवलं की जीपमधून गावोगाव छोटे सिनेमे दाखवायचे. पाणी कसं वाटून घ्यावं, जनावर कसं जगवावं, असे. संघाचे अध्यक्ष आण्णासाहेब यांनी मला बघितलं आणि म्हणाले, हिलाच घ्या, ही बाई ऐकून घ्यावी अशी दिसते. सोलापूरहून कॅमेरावाला आला.

आधी आवाज टेपवर घ्यायचा आणि मग त्या आवाजावर मला हलवायचं, अशी त्या कामाची रीत होती. दुपारी दूध संकलन केंद्र रिकामं असायचं. शिवप्पानं विठाबाईला तिथं मागच्या दारानं आणलं. ती टेपसमोर बसली आणि मुकी झाली. हात रिकामे असले की तिची जीभ टाळूला चिकटायची. मग तिनं जातं मागितलं. कॅमेरावाला म्हणाला, घरघर टेपवर येईल, निदान रिकामं फिरवा. तिनं साफ नकार दिला. रिकामं जातं ओढलं तर घराला उपास लागतो, म्हणाली. दुष्काळात दळायला तरी काय होतं? रेशनची तांबडी मिलो ज्वारी. तिनं जात्यात मूठभर दाण्यांची वैरण घातली, खुंटा धरला आणि आवाज असा सुटला की कॅमेरावाला यंत्राकडं बघायचंच विसरला.

असे तीन सिनेमे झाले. एकात मी विहीर सगळ्यांना खुली करून घेतली, दुसऱ्यात गावच्या म्हशी जगवल्या. तिसऱ्याच्या शेवटी मी काखेत घागर घेऊन माळापलीकडं निघाले. पाणी घेऊनच येते म्हणाले आणि पाठमोरी चालत राहिले. बाजाराच्या मैदानात चादरीच्या पडद्यासमोर दोन-दोन हजार माणूस बसायचं. लेकरं मला झुंबरआत्या म्हणायची. बाया पडद्यावरच्या घागरीला हळद-कुंकू लावायला उठायच्या.

एक गोष्ट मात्र मला तेव्हापासून सलते. सिनेमा सुरू होताना पडद्यावर नावं यायची. सुताराचं यायचं, कॅमेरावाल्याचं यायचं, अध्यक्षांचं तर ठळक यायचं. आवाजाचं नाव नव्हतं. आवाज कुणाचा, असं आण्णासाहेबांनी विचारलं होतं, तेव्हा शिवप्पा म्हणाला, आहे एक उमरग्याकडची, नात्यातली, नाव नको म्हणते. त्याला वाटलं, खरं कळलं तर निम्मा बाजार उठून जाईल. विहीर सगळ्यांची असं पडद्यावर सांगणारी बाई स्वतः कुठल्या विहिरीवर पाणी भरते, असं कुणी विचारलं तर? विठाबाई तिथंच दाराशी दुधाचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं, तांब्या ठेवला आणि ती मागच्या दारानं निघून गेली. माझे दोरे खुंटीला होते, नाहीतर मी बोलले असते. पण कुणाच्या आवाजात?

पाऊस परत आला, जीप दुसऱ्या कामाला लागली, कॅमेरावाला परत आला नाही. मला जुन्या धडप्यात गुंडाळून गळक्या दुधाच्या कॅनमध्ये ठेवलं. कॅन संकलन केंद्राच्या कोपऱ्यात. तिथं मी दहा वर्षं होते, मित्रांनो, आणि दोन्ही वेळच्या दुधाच्या रांगेचं बोलणं ऐकत होते.

रांगेत कायम एकच विषय निघायचा. झुंबरआत्या परत कधी येणार? कस्तुराबाई म्हणून एक म्हातारी होती. तिचं ठाम मत होतं की झुंबर हैदराबादेला गेली, तिथं तिला नळाचं पाणी मिळालं, आता कशाला येतीय ती? कुणी म्हणायचं, चौथा सिनेमा तयार आहे, डब्यात बंद आहे. कुणाच्या मेव्हण्यानं लातूरजवळ चित्रीकरण चाललेलं बघितलं होतं, फक्त बाहुली तेवढी दिसली नव्हती. दुधाचं फॅट मोजणारा उत्तरेश्वर तर आवाजवालीला ओळखतो म्हणायचा. पुण्याची रेडिओवरची बाई, गोरी, चष्मा लावते. त्याला कुणी विचारलं की मागं ती घरघर कसली, तर तो सांगायचा, पुण्याला स्टुडिओत थंड हवेचं मशीन असतं, त्याची.

“व्हय, आन् त्या मशिनीला ज्वारीचा वास येतो,” एकदा रांगेतून कुणीतरी बोललं.

मी कॅनमधूनच आवाज ओळखला. विठाबाईच होती ती. सगळे हसले, तिनं दूध ओतलं आणि ती गेली. तिच्या एका म्हशीचं दूध रोज याच केंद्रात यायचं. दिवसातून दोनदा माझा आवाज माझ्यापासून चार हातांवर उभा राहायचा आणि परत जायचा.

चौऱ्याऐंशी साली आण्णासाहेबांनी संघाच्या सभेत जाहीर केलं की झुंबर परत येणार. शिवप्पानं मला बाहेर काढलं, सांध्यांना करडईचं तेल लावलं, दोरे बदलले. त्याचे केस पांढरे झाले होते. मला वाटलं, आता ती मागच्या दारानं येईल, खुंटा धरेल. पण आण्णासाहेबांनी शहरातून एक शिकलेली बाई ठरवली होती. तिचा स्वर गोड होता, शब्द न् शब्द स्वच्छ. शिवप्पानं तिला नको म्हटलं असतं, पण मग कारण सांगावं लागलं असतं. त्यानं मान खाली घातली आणि माझे दोरे ओढले. त्या परक्या गोडव्यावर मी हात हलवले, मान वळवली. लाकडाला रडता येत नाही, हे त्या दिवशी बरं वाटलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्या घरात असतील. त्यांना तेल लावा, वाळवी लागू देऊ नका. पण कुठलीही वस्तू एकट्या लाकडाची नसते. तिच्यात कुणाचा तरी हात असतो, कुणाचा तरी श्वास असतो. तो कुणाचा, हे विचारून ठेवा, ते माणूस अजून रांगेत उभं आहे तोवर. माझं मागणं एवढंच. आता त्या बाजारादिवशी काय झालं ते ऐका.

तिन्हीसांजेला चादर बांधली. पाय ठेवायला जागा नव्हती. मी पडद्यावर आले तेव्हा लेकरं ओरडली आणि मी बोलायला लागले तशी गप्प झाली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग पुढच्या रांगेतली कस्तुराबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

“मिस्तरी, ही आपली झुंबर न्हाय. लुगडं तिचं, तोंड तिचं. पर बाई दुसरीच हाय.”

मागून हो-हो झालं. लोक उठायला लागले. आण्णासाहेबांनी मशीन थांबवायला लावलं आणि ते वैतागून म्हणाले, “मग तुमची ती कोण हाय, कुठं हाय, सांगा तरी. उद्या गाडी पाठवतो.”

शिवप्पा मला हातात घेऊन पडद्यापुढं आला. 

“गाडी नको, आण्णासाहेब. ती हितंच बसलीय. आपल्याच गावची विठाबाई, बौद्धवाड्यातली. उमरग्याची कुणी न्हाय. म्या खोटं बोललो. भेलो.”

कुणी घसा खाकरला. कुणी खाली बघून चप्पल चाचपली. उत्तरेश्वर दोन माणसांच्या मागं सरकला. मैदानाच्या कडेला, कडब्याच्या गाडीजवळ विठाबाई बसली होती. कस्तुराबाईनं वळून तिच्याकडं बघितलं आणि आपल्या शेजारची जागा हातानं झाडली. पण विठाबाई तिथं आली नाही. जागच्या जागी उभी राहिली.

आण्णासाहेब दोन पावलं तिच्याकडं आले. मग आवाज उतरवून म्हणाले, “विठाबाई, झालं गेलं. तुम्ही याल का? सिनेमा परत करू.”

तिचे हात रिकामे होते. जवळ जातं नव्हतं, हातोडा नव्हता. मला धास्ती वाटली, आता हिची जीभ चिकटणार. पण ती बोलली, आणि तिच्या बोलण्यात मी माझा आवाज ऐकला.

“मिस्तरी, तुमी भेला ते मला तवाच कळलं हुतं. झुंबर तुटंल म्हणून म्या गप बसले. आण्णासाहेब, मला वाचता येत न्हाय. दर खेळाला पडद्यावर नावं आली की म्या पोरीला इचारायची, ह्यात माझं हाय का गं? ती दर बारीला व्हय म्हणायची. खोटं बोलतीया, हे मला कळायचं. म्या यीन. पर औंदा माझ्या पोरीला खरं बोलू द्या.”