अप्पांची बाजू

मला भांडायला लहानपणापासून आवडतं. त्यामुळे गणपतराव मास्तरांनी वर्गात सांगितलं, की ज्याला आपलं म्हणणं कबूल नाही त्याला पटेल असा निबंध लिहून आणा, तेव्हा मला बाकावर बसवेना. कबूल नसलेला माणूस माझ्या घरातच होता.

माझे वडील अण्णाप्पा, म्हणजे आमचे अप्पा, कोडोलीचे शेतकरी. शाहू महाराजांच्या राज्यात गावोगाव शाळा निघत होत्या, तरी मुलीला पुढचं शिकायचं तर कोल्हापूर गाठावं लागे. मी शाहूपुरीत तवनाप्पामामांकडे राहून शिकत होते. पण मामांचं बिऱ्हाड आता निपाणीला हलणार होतं. मुलींच्या बोर्डिंगात जागा होती, तर अप्पांनी ‘नको’ म्हणून एका शब्दात विषय संपवला. ते गूळ विकायला पेठेत आले होते. गूळ विकला गेला की परतीच्या गाडीत माझी ट्रंक चढणार, आणि माझं शिक्षण तिथंच आटोपणार.

मग काय, मी निबंध लिहिला तो नुसता आगीसारखा. बाई शिकली की बिघडते म्हणणाऱ्यांना मी झोडपलं. शिकलेलीला नवरा मिळत नाही म्हणणाऱ्यांची खिल्ली उडवली. आदिनाथ भगवंतांनी आपल्या मुलींना, ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक शिकवले, हा हुकमाचा पत्ता शेवटी टाकला. शाई वाळायच्या आत मी मास्तरांच्या घरी धावले.

मास्तरांनी वाचलं आणि विचारलं, बाई शिकली की बिघडते असं अप्पा कधी म्हणाले? मी म्हटलं, नाही. नवऱ्याचं म्हणाले? तेही नाही. आणि ब्राह्मी-सुंदरीची गोष्ट तुला सांगितली कुणी? ती तर अप्पांनीच सांगितली होती, बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन देवळाच्या, ओट्यावर बसून.

“मग कुस्तीच्या हौद्यात समोर गडीच न्हाई आणि तू एकटीच शड्डू ठोकत बसलीस की,” मास्तर म्हणाले. “आधी अप्पांची बाजू लिही. अशी लिही, की ऐकून ते म्हणाले पायजेत, व्हय, मला ह्येच म्हणायचं हुतं. तुझी बाजू त्येच्या म्होरं.”

माझा संताप संताप झाला. ज्याला हरवायचं त्याचीच वकिली मी का करायची? पण पेठेकडे चालताना राग निवत गेला, कारण एक गोष्ट ध्यानात आली. अप्पा ‘नको’ का म्हणतात, हे मला ठाऊकच नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

पेठेत सौदे चालले होते. आमच्याकडे गुळाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात रुमालाखाली जातात, बोटं दाबून भाव सांगायचा, आणि पटला की अख्खा पंजा धरायचा. वर चेहरे असे, की काहीच चाललेलं नाही. अप्पांची पाळी अजून आली नव्हती. मी त्यांना गाडीच्या सावलीत बसवलं आणि म्हटलं, नको का, ते सांगा, मी मधे बोलणार नाही. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मी मधे न बोलणं हे आमच्या घरात नवीनच होतं.

मग ते सांगायला लागले.

“मी बी ल्हानपणी शिकाय आलतो हितं. ऱ्हायचो तितं दिवा लागल्यावर ताट याचं. दिवस बुडाल्यावर आपल्यात तोंडात घास घालत न्हाईत. मी तसाच निजायचो. शेवटी पळून गेलो आणि घरात सांगिटलं, अभ्यास जमंना.”

मी रडले. हुंदके देऊन रडले आणि तिथूनच बोर्डिंगकडे पळत सुटले. आता समोर खरा गडी होता!

बोर्डिंगात स्वयंपाक करणाऱ्या शालूबाईंना मी विचारलं, भाकरी कधी होते? त्या म्हणाल्या, ऊन कौलावर असतानाच होते, मुली एकदम बसतात म्हणून दिव्यापर्यंत झाकून ठेवते. त्या मला तशाच बोर्डिंगच्या बाईंकडे घेऊन गेल्या. दिवसाउजेडी ताट वाढायला बाईंची काहीच हरकत नव्हती. आजवर कुणी मागितलंच नव्हतं, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अप्पांचा सौदा झाला. गाडी रिकामी झाली, ट्रंक वर चढली, आणि मी चाकाशी उभी राहून रात्री नव्यानं लिहिलेला निबंध वाचायला लागले. पहिल्या पानावर लहानपणचे अप्पा होते, उपाशी निजणारे. ज्या घरानं धर्म सांभाळला, त्यानं अक्षरासाठी तो सोडावा का, असं मी त्यांच्या वतीनं विचारलं होतं, आणि अगदी जीव ओतून विचारलं होतं. अप्पांनी डोळे पुसले.

“व्हय,” ते म्हणाले. “मला ह्येच म्हणायचं हुतं. श्यानी हाईस. बस गाडीत.”

मास्तरांनी सांगितलं ते इतकं नेमकं साधलं होतं, की माझा निबंध मलाच कोडोलीला घेऊन निघाला होता.

“अप्पा, थांबा की. अजून पान उलटायचं हाय.”

मी पान उलटलं. झाकलेल्या भाकरीचं वाचलं, बाईंच्या होकाराचं वाचलं. पाणी माझं मी गाळून घेईन, हे वाचलं. मग जे खोडायला मला काही सापडलं नव्हतं, तेही तसंच वाचलं: थंडीत शाळा उशिरा सुटेल, एखाद्या दिवशी ताटाआधी दिवस बुडेल, आणि त्या दिवशी मी उपाशी निजेन. पण ते मी सगळ्यांना सांगून निजेन, आणि पळून येणार नाही.

बैलांनी मान हलवली, घुंगरं वाजली. मग अप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला आणि त्याखाली आपला हात घातला. मी बोटांची वाट पाहत राहिले. त्यांनी माझा अख्खा पंजा धरला.

“ट्रंक खाली घे,” ते उन्हाकडे बघत म्हणाले. “पळ. दिवस बुडायच्या आत जेवायला पोच.”