पुलाच्या गाण्यातले अकरा सेकंद

शनिवारच्या कार्यक्रमात आम्हाला पंचेचाळीस मिनिटं मिळाली होती. तेवढ्यात नऊ गाणी बसतात. आम्हाला येत होती एकतीस. त्यातली आठ ठरायला एक दुपार पुरली. नवव्यापाशी गाडी अडली, आणि ती का अडली हे तिथल्या चौघांत फक्त मला ठाऊक आहे असं मी समजत होतो. चाळीस वर्षांपूर्वी त्या गाण्यातले अकरा सेकंद मी ब्लेडने कापून टाकले होते.

आमचा बँड स्वतःची गाणी करत नाही. एके काळी गाजलेल्या आणि केव्हाच मोडलेल्या एका रॉक बँडची गाणी आम्ही वाजवतो, होता होईल तो त्यांच्यासारखीच. गाणारा कंडक्टर. बसमध्ये ओरडून ओरडून त्याचा आवाज असा तयार झालाय की शेवटच्या सीटवर झोपलेला माणूसही आपला थांबा आला म्हणून उतरून जाईल. गिटारवर बेकरीवाला. ड्रमवर मी. मी रंगारी, लोकांच्या भिंती रंगवण्यात माझा जन्म गेला. आणि बेस गिटारवर घड्याळजी. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याची घड्याळदुरुस्तीची टपरी होती. गेल्या थंडीत तो गेला. तेव्हापासून आम्ही वाद्यांना हात लावला नव्हता.

मग शनिवारच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं आणि त्याची मुलगी त्याचा बेस पाठीला लावून आमच्या दारात उभी राहिली. चाळिशीची बाई, आता टपरी तीच चालवते. पण आम्हाला ती अजून पोरच वाटते, कारण आमच्या सरावाला ती मैद्याच्या पोत्यावर झोपलेली असायची आणि घरी जाताना घड्याळजी तिला झटकून झटकून पांढरी धूळ काढायचा.

सराव बेकरीमागच्या कोठारात चालतो. पोती आवाज पिऊन टाकतात, त्यामुळे शेजाऱ्यांची तक्रार नाही. दाराशी एक प्लायवूडची फळी टांगलेली आहे आणि तिच्यावर एकतीस चित्रं आहेत: किटली, घोडा, शिडी, दोन चमचे, पूल, असं काय काय. मला अक्षरं आली ती साठीनंतर, नातीच्या वहीत. त्याआधी कुठलं गाणं कुठलं हे कळायला मी प्रत्येकाचं एक चित्र काढून ठेवलं होतं, आणि हळूहळू सगळ्यांच्याच तोंडी तीच नावं बसली. गाण्यांची खरी नावं कंडक्टर फक्त लोकांसमोर घेतो. प्रत्येक चित्राखाली एक खिळा आहे. जे गाणं घ्यायचं त्याच्या खिळ्यात एक वॉशर अडकवायचा, ही आमची निवडायची रीत.

त्या दुपारी आठ खिळ्यांत वॉशर लटकत होते. नववा कंडक्टरच्या मुठीत होता.

"शेवटी पूल," तो म्हणाला. "घड्याळजीचं आवडतं. त्याच्या नावाने वाजवू. बोला, आहे का कुणाची हरकत?"

"माझी नाही," घड्याळजीची मुलगी म्हणाली. "पण काका, पूर्ण वाजवायचं असेल तरच."

"पूर्ण म्हणजे? इतकी वर्षं काय अर्धं वाजवत होतो?"

"अर्धं नाही. अकरा सेकंद कमी."

बेकरीवाला पोत्यावर डुलक्या काढत होता. पहाटेच्या भट्टीमुळे दुपारी त्याचे डोळे कधीच पुरते उघडे नसतात. त्याने एक डोळा उघडला आणि परत मिटला.

आता इथे आमच्या कॅसेटबद्दल सांगायला हवं. पुलाचं गाणं आम्ही शिकलो ते एका कॅसेटवरून. घड्याळजीचा मेहुणा बोटीवर कामाला होता, त्याने ती आणली होती. गावात तशी दुसरी नव्हती. ड्रमचा भाग बसवायला म्हणून मी ती एका रविवारी घरी नेली, मागून आणलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली, आणि गाण्याच्या शेवटाकडे त्या यंत्राने टेप खाल्ली. हातभर टेप चोळामोळा होऊन बाहेर आली. मला बँडमध्ये येऊन जेमतेम महिना झाला होता. ड्रम माझे नव्हते, लिहिता-वाचता येत नव्हतं, कपड्यांना टर्पेंटाइनचा वास. ही माणसं आपल्याला हाकलणार असं मनाने घेतलं. मी चुरगळलेला तुकडा ब्लेडने कापला आणि खिडकीच्या काचांना रंग लागू नये म्हणून आम्ही जी चिकटपट्टी लावतो तिने दोन्ही टोकं जोडली. सोमवारी कॅसेट परत दिली. कुणाला काही बोललो नाही.

जोड ठोक्यावर बसला नव्हता. कडवं संपता संपता अर्ध्या ठोक्याची ठेच लागायची आणि गाणं एकदम शेवटच्या ध्रुवपदावर जाऊन आदळायचं. कंडक्टरला ती ठेच फार आवडली. "हीच तर त्यांची करामत!" तो म्हणायचा. पुढे पुढे तर तो कार्यक्रमात गाण्याआधी लोकांना सांगायचा, "आता शेवटी कान देऊन ऐका, असा झटका दुनियेत कुणी दिलेला नाही." आम्ही तो झटका घोटून घोटून पक्का केला. मला तर तो झोपेतही जमायचा.

जमला नाही तो एकट्या घड्याळजीला. दर वेळी त्या जागी त्याचं बोट एक सूर जास्त वाजवायचं. "इथे काहीतरी गळलंय रे," तो म्हणायचा. "माझा पाय खड्ड्यात पडतो." झालं, कंडक्टरला तेवढंच हवं होतं. भर कार्यक्रमात तो मागे वळून ओरडायचा, "पडला! घड्याळजी खड्ड्यात पडला!" लोक हसायचे. घड्याळजीही हसायचा. मी झांजेकडे बघत बसायचो.

पुढे जग बदललं, फोनवर सगळी गाणी फुकट ऐकू यायला लागली. तेव्हा घड्याळजीने पुलाचं न कापलेलं, लांब गाणं ऐकवलं होतं. कंडक्टरने ते उडवून लावलं. "हे मागाहून भरलेलं. अस्सल आपल्याकडे आहे." घड्याळजी वाद घालणारा माणूस नव्हता. त्याने फोन खिशात ठेवला आणि खड्ड्यात पडत राहिला.

"काका, ऐका तरी," मुलगी म्हणाली. तिने बेस मांडीवर घेतला आणि तो भाग वाजवून दाखवला. कडवं संपतं, सगळे थांबतात, ड्रमसुद्धा, आणि बेस एकटा चालत जातो. चार फेऱ्या. रिकाम्या पुलावरून एखादा माणूस सावकाश पलीकडे जावा तसा. मग सगळे परत येतात. एकतीस गाण्यांत बेसला एकट्याला एवढीच जागा होती, आणि मी नेमकी तीच कापली होती.

"छान आहे," कंडक्टर म्हणाला. "पण ते अस्सल नाही. लोक झटक्यासाठी येतात. मी मतं घेतो. बेकरीवाल्या, बोल."

"मला दोन्ही चालतं," डोळे न उघडता बेकरीवाला म्हणाला.

"तुला काय, तुला शिळं-ताजं सारखंच. रंगाऱ्या, तू बोल. झटका की लांब?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे बापासारखे आहेत, एक जरा बारीक, भिंग लावून लावून. मला एवढंच करायचं होतं की 'लांब' म्हणायचं. कुणाला काही कळलं नसतं. पण तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर पडलं.

"झटका त्यांचा नाही, कंडक्टर. माझा आहे. टेप मी कापली होती."

आणि मग सगळं सांगितलं. रविवार, टेपरेकॉर्डर, ब्लेड, चिकटपट्टी. बेकरीवाल्याचे दोन्ही डोळे उघडले, हे मी बऱ्याच वर्षांनी पाहिलं.

कंडक्टर फळीवरच्या पुलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तो खरं बोलत होता."

"हो."

"आणि मी त्याला लोकांसमोर..." वॉशर मुठीत तसाच ठेवून तो बाहेर गेला. आम्ही त्याची वाट बघितली. तो आला नाही.

मी ड्रमच्या काठ्या फडक्यात गुंडाळायला लागलो. मुलीची नजर चुकवत म्हटलं, "पोरी, तुझ्या बापाची माफी मागायची राहिली ती राहिलीच."

"बाबांना माहीत होतं, काका."

"काय?"

तिने पिशवीतून कॅसेट काढली. ती मी लगेच ओळखली, कोपऱ्यावरच्या चऱ्यावरून. "टपरीच्या खणात होती. बाबांनी स्क्रू काढून आतला जोड नव्याने केलेला आहे, बारीक, नीट. तुमची चिकटपट्टी त्यांनी फेकली नव्हती. कागदात घडी करून बाजूला ठेवली होती. तिच्यावर बोटाचा ठसा आहे. निळा."

तेव्हा मी शाळेच्या खिडक्या रंगवत होतो. निळ्या.

"मी एकदा विचारलं होतं, कुणी केलं म्हणून," ती म्हणाली. "तर म्हणाले, ज्याने जोडलं त्याचा हात थरथरत होता एवढं दिसतंय, बाकी विचारू नये."

मी तिथेच पोत्यावर बसलो. बेकरीवाल्याने गरम पाव आणून माझ्या हातात ठेवला. तो मी खाल्ला. दुसरं काय करणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोठारात शिरलो तर पुलाच्या खिळ्यात वॉशर लटकत होता. कंडक्टर पोत्यावर बसला होता.

"खड्डा खणलास तू," तो म्हणाला, "आणि ढकलत राहिलो मी. छान जोडी."

"शिव्या घाल ना."

"घालणार आहे. शनिवारनंतर, सावकाश, एकेक करून. आधी मला एक शिकव. तो भाग चालू असताना मी काय करायचं?"

"काही नाही. गप्प उभं राहायचं."

"अकरा सेकंद?" तो खरोखर घाबरल्यासारखा दिसला. "मी तर झोपेतसुद्धा पुढच्या थांब्याचं नाव घेतो असं बायको सांगते."

पण अडचण त्याची नव्हतीच. तो उभा राहिला शहाण्यासारखा. अडचण माझ्या हातांची झाली. कडवं संपलं, मुलीने पहिला सूर वाजवला, आणि माझ्या हातांनी चाळीस वर्षांच्या सवयीने झटका मारून ध्रुवपद सुरू केलं. तिचं वाजवणं तिथेच तुटलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्या दुपारी मी तिला सात वेळा कापलं. डोकं म्हणत होतं थांब, आणि हात ऐकायला तयार नव्हते.

"काका, होईल," ती म्हणायची, आणि परत पहिल्यापासून सुरू करायची. तिचा बापही असंच म्हणायचा, हातातल्या घड्याळाला.

गुरुवारीही तेच. शुक्रवारी कंडक्टर म्हणाला, "वॉशर काढू का? शिडी घेऊ त्याऐवजी. कुणी तुला काही म्हणणार नाही." मला उलट तेच नको होतं, कुणी काही न म्हणणं. ते मी पुष्कळ भोगलं होतं.

"राहू दे," मी म्हटलं.

शनिवारी संध्याकाळी जुन्या सिनेमागृहाच्या मंचावर ड्रम लावले. नऊ चित्रांचा एक कागद मी नेहमीप्रमाणे मोठ्या ड्रमला चिकटवला. सगळ्यात खाली पूल होता. त्याच्याखाली मी निळ्या रंगात, जरा वाकड्या अक्षरांत, एक शब्द लिहिला होता: थांब. त्या कागदावर लिहिलेला तो पहिलाच शब्द.

किटली झाली, घोडा झाला, दोन चमचे झाले. समोर बरेच पांढरे केस होते, आमच्याच वयाचे लोक, ओळीओळीला माना हलवणारे. काही जणांना मी त्यांच्या लग्नाआधीपासून ओळखत होतो. आठ गाणी कधी संपली कळलं नाही. पुलाच्या आधी कंडक्टर माइकपाशी गेला. मला वाटलं झटक्याचं भाषण सुरू होतंय. तो एवढंच म्हणाला, "हे गाणं आम्ही आजवर चुकीचं वाजवलं. आमच्यातला एक जण बरोबर होता. तो आज नाहीये." आणि त्याने चार आकडे मोजले.

कडवं आलं. कडवं संपत आलं. मी कागदाकडे पाहिलं, दोन्ही काठ्या मांडीखाली घातल्या आणि त्यांच्यावर बसलो.

बेस एकटा चालायला लागला. पहिली फेरी. कंडक्टर तोंड मिटून उभा होता. दुसरी. सिनेमागृहात कुणी खोकलंही नाही. तिसऱ्या फेरीत माझ्या मनात सगळंच आलं: निळी बोटं, टपरीतला दिवा, मैद्याने पांढरी झालेली लहान मुलगी, आणि मागे वळून हसणारा तो. चौथी फेरी मी ऐकत होतो, नुसती ऐकत होतो. एवढी मन लावून की ती संपली हे माझ्या लक्षातच आलं नाही.

कंडक्टर आणि बेकरीवाला ध्रुवपदावर आले. मी नव्हतो. मांडीखालून काठ्या ओढता ओढता पुरता एक ठोका निघून गेला. मग मी धडपडत घुसलो.

कंडक्टर गाता गाता मागे वळला. त्याचे डोळे ओले होते आणि तोंडभर हसू होतं. शेवटची ओळ गायची सोडून तो माइकमध्ये ओरडला, "पडला! रंगारी खड्ड्यात पडला!"

लोक हसले. घड्याळजीची मुलगी बेसवर मान टाकून हसली. मीही हसलो, आणि जोरात वाजवत राहिलो.