भिंतीवरचं आजोळ

आमच्या ह्यांना म्हातारपणी मूळ शोधायची हुक्की आली. मूळ म्हणजे ह्यांच्या आईचं. माझ्या आईचं मूळ साऱ्या घराला पाठ होतं. वसतिगृहात भांडी घासणारी बाई, त्यापुढे विचारायचं काय?

सासूबाई बड्या घरच्या. निदान त्या तसं सांगायच्या. हॉलमध्ये त्यांचा फोटो आहे, नाक वर करून काढलेला. माझी आई लग्नानंतर एकदाच इथे आली. चहा बशीत ओतून, फुरके मारत प्यायली. सासूबाई म्हणाल्या, "आवाज!" एवढंच, कुत्र्याला दटावावं तसं. आईने उरलेला चहा तसाच ठेवला आणि पुन्हा या घराची पायरी चढली नाही. ती गेली त्यालाही वर्षं लोटली. तिच्याबद्दल या घरात कुणीतरी एकदा तरी चांगला शब्द बोलावा, एवढंच मला हवं होतं. माझी लेकसुद्धा कधी बोलली नाही. तिचं तरी काय चुकलं, सासूबाईंच्याच मांडीवर वाढली ती.

तर लाळ पाठवली की आईकडच्या मागच्या पिढ्या कळतात, असं ह्यांनी कुठेतरी वाचलं. नळी आली. लाळ देण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नव्हतं. हे आणि चहाशिवाय अर्धा तास! त्यात औषधांनी तोंड कोरडं. दोनदा खाकरून दमले आणि सुट्टीला आलेल्या लेकीपुढे नळी धरली.

"तूच दे. माझंच रक्त ना तुझ्यात? एकच झालं."

ती मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसली होती. दिली थुंकून.

रिपोर्ट आला आणि घरात दिवाळखोराला लॉटरी लागल्यासारखं झालं. आईकडची ही शाखा फार जुनी निघाली. तिच्यातल्या बायका हजारो वर्षांपूर्वी बर्फाचे डोंगर ओलांडून आल्या, असं लिहिलं होतं. पोरं पाठीला बांधून आल्या, हे ह्यांनी पदरचं घातलं. रिपोर्टला काच बसवून घेतली आणि सासूबाईंच्या फोटोखाली टांगला. जो येईल त्याला उभं करून वाचून दाखवायचे. वन्सं आल्या तर आरशासमोर जाऊन नाक चाचपून आल्या.

"बघ दादा, आपलं नाक तिकडचंच."

मी चहाचे कप भरत होते आणि गोळा करत होते.

पुढच्या खेपेला लेक आली ती तोंड पाडूनच. तिने ऑफिसात बरीच फुशारकी मारली होती. तिथे कुणीतरी विचारलं, लाळ कुणाची? मग तिने सोबतचं माहितीपत्रक पहिल्यांदा नीट वाचलं.

"बाबा, घोटाळा झालाय," ती म्हणाली. "ही तपासणी आई, आईची आई, तिची आई, अशी एकाच वाटेने वर जाते. आजीचं ते तुमच्यात आलं, पण बापाकडून ते पुढे जात नाही. बाकी काही आलं असेल, हे नाही. लाळ माझी होती. म्हणजे हे सगळं आईकडचं आहे."

माझ्या हातात कपांचा ट्रे होता. तो मी खाली ठेवला. इतके महिने ह्यांनी ज्यांचे गोडवे गायले, त्या माझ्या आईच्या आया होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते पुसलं नाही.

ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे.

"थोतांड असतं हे सगळं," म्हणाले, आणि स्टुलावर चढून काच उतरवली.

"राहू द्या की," मी म्हटलं.

"आपल्या घराचा काय संबंध?"

मी लेकीकडे वळले. "म्हणजे ते डोंगर माझ्या आईच्या..."

"अगं, हजारो वर्षांपूर्वीचं ते. लाखो लोकांचं तेच निघतं. त्यात काय एवढं?" हे शहाणपण सासूबाईंचे डोंगर होते तोवर कुणाला सुचलं नव्हतं. "आणि आत्याला सांगू नकोस हं. उगाच हसं होईल."

"कुणाचं?"

ती पुन्हा मोबाइलमध्ये शिरली.

ह्यांनी दुसरी नळी मागवली. ती आली त्या दिवशी घड्याळ समोर ठेवून, ओठ मिटून, चहाशिवाय बसले. आईसाठी जमलं बरोबर! लेक शेजारी होतीच, ह्यांना धीर द्यायला.

मी माझ्यापुरता चहा केला. बाहेर आणला आणि सासूबाईंच्या फोटोखाली, त्या रिकाम्या खिळ्यापाशी खुर्ची ओढून बसले. या घरात आल्यापासून कधी केलं नव्हतं ते केलं. चहा बशीत ओतला आणि चांगला लांब फुरका मारला.

"आवाज!" लेक म्हणाली. मान वर न करता, अगदी त्याच सुरात.

आणि म्हणे, आजीचं तिच्यात आलं नाही.