वजा दोन महिना

त्र्याण्णवच्या दसऱ्याला धुळ्याच्या आमच्या रक्तपेढीत कॉम्प्युटर आला. ट्रस्टचे सेक्रेटरी रुपचंदशेठ यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, वर आपट्याची पानं ठेवली, आणि त्याच आठवड्यात रक्तदात्यांच्या कार्डांचे खण पोत्यात बांधून आपल्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामात पाठवून दिले. एका घरात दोन देव्हारे कशाला, म्हणाले.

मी तिथे नोंदी ठेवणारा कारकून. सगळे मला नाना म्हणतात. खण जाण्याआधी कार्डांवरची नावं कॉम्प्युटरमध्ये भरायचं काम माझ्याकडे होतं. प्रोग्राम जळगावच्या जीवरामनं लिहून दिला होता. तो तिथे कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. मला फक्त पडद्यावर सांगितलेले आकडे दाबता येत. एक दाबलं की नवीन नोंद, दोन दाबलं की दुरुस्ती. तीन दाबून रक्तगट टाकला की त्या गटाच्या दात्यांची यादी येई. पण सगळ्यांची नाही. एकदा रक्त दिल्यावर तीन महिने पुन्हा घेत नाहीत, म्हणून मागच्या तीन महिन्यांत ज्यांनी दिलं त्यांना प्रोग्राम गाळायचा. पूर्वी हेच मी कार्डावरची तारीख बघून बोटांवर मोजत असे.

माझी बायको प्रमिला त्याच वर्षी पोळ्याच्या आठवड्यात गेली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती. डोकं दुखतंय म्हणाली आणि तिथेच पडली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला. दवाखान्यापर्यंतही पोचलो नाही.

तिचा गट ओ निगेटिव्ह होता. हा गट फार थोड्या लोकांचा असतो. रक्तपेढी उघडली त्या दिवशी मीच तिला घेऊन गेलो होतो, म्हणून त्या गटात पहिली नोंद तिची. पुढे दर गुढीपाडव्याच्या शिबिरात ती रक्त देत आली. कार्डं भरताना तिचं कार्ड हातात आलं. ते बाजूला काढायला पाहिजे होतं. मी काढलं नाही. नाव भरलं, पत्ता भरला, शेवटचं रक्तदान म्हणून पाडव्याची तारीख भरली, आणि पुढचं कार्ड घेतलं.

दिवाळीनंतर दोनदा ओ निगेटिव्हची गरज लागली. दोन्ही वेळा तीन दाबलं की पहिलं नाव तिचं आलं. मी ते वाचायचो आणि खालच्या नावाला फोन लावायचो. कुणाला बोललो नाही.

संक्रांतीनंतरची गोष्ट. दुपारची वेळ. रस्त्यापलीकडच्या प्रसूतिगृहात पिंपळनेरकडची एक बाई बाळंत झाली होती, मंदा नावाची. मूल ठीक होतं, पण मंदाचं रक्त थांबत नव्हतं. तिचा नवरा वना चिठ्ठी घेऊन धावत आला. चिठ्ठीवर ओ निगेटिव्ह, दोन पिशव्या. आमच्या फ्रिजमध्ये त्या गटाची एकही पिशवी नव्हती. वनाचं रक्त तपासलं, ते बी पॉझिटिव्ह निघालं.

डॉक्टर भामरे मॅडम माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. मी तीन दाबलं, गट टाकला. पडदा क्षणभर काळा झाला आणि खाली एकच ओळ आली: एकही दाता उपलब्ध नाही.

"पुन्हा बघा," मॅडम म्हणाल्या.

पुन्हा बघितलं. तेच आलं.

"जुनी कार्डं?"

"शेठजींच्या गोदामात आहेत. किल्ली त्यांच्यापाशी. ते चोपड्याला लग्नाला गेलेत."

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं आणि पॅड ओढून नाशिकच्या रक्तपेढीच्या नावानं पत्र लिहायला घेतलं. बाहेर वनाची भाड्याची जीप उभी होती. नाशिकला जाऊन यायचं म्हणजे अंधार पडून बराच वेळ झाला असता. "तोवर ती टिकेल का, मला सांगता येत नाही," मॅडम मला हळू आवाजात म्हणाल्या. दारातून वनाची आई भिकुबाई आत बघत होती.

मी पडद्याकडे बघत होतो. काहीतरी नेहमीसारखं नव्हतं, आणि काय ते मला कळायला थोडा वेळ लागला.

"मॅडम, यादी चुकली आहे."

"कशावरून?"

"यात प्रमिला नाही."

त्यांचा पेन थांबला. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मला ठाऊक होती. पोळ्यापासून सगळे माझ्याकडे तसंच बघत होते. डिसेंबरात मी एकदा घरून दोन माणसांचा डबा भरून आणला होता, ते सगळ्या रक्तपेढीला माहीत झालं होतं.

"नाना," त्या म्हणाल्या, "प्रमिलावहिनी आता नाहीत."

"म्हणूनच सांगतो. तिचं नाव मी काढलेलं नाही. आजवर दर वेळी पहिलं यायचं. आज नाही आलं. म्हणजे हे यंत्र म्हणतंय की तिनं मागच्या तीन महिन्यांत रक्त दिलं. ती जाऊन पाच महिने झाले, मॅडम. तिनं कुठून दिलं?"

पत्र अर्धं लिहून झालं होतं.

"तिला चुकीनं गाळलं असेल तर बाकीच्यांनाही गाळलं असेल," मी म्हटलं. "मला जीवरामला फोन लावू द्या. तोवर जीप थांबवा."

"आणि त्यात वेळ गेला, हाती काही लागलं नाही, तर?"

भिकुबाई आत आली. तिनं मॅडमला नाही, मलाच विचारलं, "भाऊ, तुले खातरी शे का?"

"खात्री नाही, अक्का. पण हे खोटं बोलतंय एवढं मला दिसतंय."

ती वनाकडे वळली. वना जीपच्या दांड्याला धरून उभा होता. "थांब रे जरासा," ती म्हणाली. "नाशिक कोठे पळी जात नई."

मॅडमनी पत्र पूर्ण केलं, सही केली आणि ते हातातच ठेवलं. "फोन लागेपर्यंत थांबते," त्या म्हणाल्या.

जळगावचा फोन तिसऱ्या खेपेला लागला. कुणीतरी म्हणालं, सर शिकवताहेत. मी ओरडलो, त्यांना सांगा माणूस मरतंय. मग जीवराम आला. "नाना, काय हो, पुन्हा प्रिंटरचा कागद अडकला का?"

मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "असं होणार नाही. मी दहा वेळा तपासलंय."

"कधी तपासलंस?"

"दसऱ्याला. तुमच्यासमोरच की."

"आज जानेवारी आहे."

त्याचा आवाज बदलला. "नाना, मेनूतून बाहेर या. एस्केप दाबा. रिकामी खिडकी दिसते? त्यात प्रश्नचिन्ह, मग मंथ, कंस, डेट, कंस उघडून बंद, पुन्हा कंस बंद, वजा तीन. एंटर. काय आलं?"

"वजा दोन."

"वजा दोन," तो स्वतःशीच म्हणाला. "अरे देवा."

"म्हणजे काय?"

"मी आजच्या महिन्याच्या आकड्यातून तीन वजा करायला सांगितलं होतं, नाना. दसऱ्याला ऑक्टोबर, दहावा. दहातून तीन गेले सात, म्हणजे जुलैपर्यंत दिलेले सगळे चालतील. तेव्हा बरोबर आलं. आता पहिला महिना. एकातून तीन गेले वजा दोन. वजा दोन महिन्यापर्यंत कुणी रक्त दिलंय, असं ते शोधतंय. कोण सापडणार त्याला?"

"जानेवारीच्या मागे डिसेंबर येतो, एवढंही त्याला कळत नाही का?"

"मी शिकवलं नाही, तर कसं कळेल? शिव्या नंतर घाला. आता मी सांगतो ते अक्षर न अक्षर टाका."

तेवढ्यात दिवे गेले. चार वाजले होते. त्या काळात आमच्याकडे रोज चारला लोडशेडिंग असे. कॉम्प्युटर खालच्या बॅटरीवर राहिला आणि बॅटरी टी टी करू लागली. ती फार वेळ टिकत नसे.

"तो आवाज कसला?" जीवरामनं विचारलं.

"लाईट गेली. बोल लवकर."

त्यानं सांगायला सुरुवात केली. सिलेक्ट, मग नाव आणि गाव, कुठल्या फाईलमधून, मग व्हेअर, गट बरोबर ओ निगेटिव्ह. मी एका बोटानं टाईप करत होतो. मॅडम माझ्या खांद्यावरून टॉर्च धरून उभ्या होत्या. "आता अँड. शेवटच्या रक्तदानाची तारीख, त्याच्यापुढे लहान किंवा बरोबर अशी खूण. आता नीट ऐका. महिन्याचा आकडा नकोच. सबंध आजची तारीख धरायची आणि तीन महिने मागे जायचं, म्हणजे वर्ष बदललं तरी ते बरोबर मागच्या वर्षात जाईल. जी, गणपतीचा जी. ओ. एम, मुंबईचा एम. ओ. एन, नाशिकचा एन. टी. एच. कंस. डेट. कंस उघडा, बंद करा. स्वल्पविराम. वजा तीन. कंस बंद."

एंटर दाबलं. पडद्यावर चूक झाल्याचा संदेश आला.

"काहीतरी चुकलं," मी म्हटलं. बॅटरीचा आवाज आता मधे न थांबता येत होता.

"वाचून दाखवा."

मी वाचायला लागलो. मॅडमनी मधेच पडद्यावर बोट टेकवलं. "नाना, शेवटचा कंस." तो मी टाकलाच नव्हता. टाकला. एंटर.

चार नावं आली.

मॅडम घाईघाईनं मोठ्यानं वाचू लागल्या. "पहिलं, प्रमिला..."

त्या थांबल्या.

"ते सोडा, मॅडम," मी म्हटलं. "पुढचं घ्या."

"दुसरं चोपड्याचं. लांब पडेल. तिसरं भाईदास, फागणे. चौथं कुंदाबाई, देवपूर."

मी दोन्ही नावं आणि गावं हातावर लिहिली आणि फोन नंबर काढायच्या आतच पडदा विझला. फोनवर जीवराम हॅलो हॅलो करत होता. मॅडमनी रिसीव्हर घेतला आणि त्याला एवढंच म्हणाल्या, "सापडले."

फागणे धुळ्यापासून जवळ. मॅडमनी नाशिकचं पत्र उलटं करून त्याच्या पाठीमागे भाईदासचं नाव लिहिलं आणि वनाच्या हातात दिलं. "गावात कुणालाही विचार. रक्तपेढीनं बोलावलंय म्हण." जीप निघाली. मी सायकल काढली आणि देवपूरला गेलो. विचारल्यावर कळलं, कुंदाबाई तिथल्या शाळेत शिकवत होत्या. मी वर्गाच्या दारात उभा राहून काय बोललो ते मला आठवत नाही. त्यांनी खडू ठेवला, वर्गाच्या मॉनिटरला फळ्यापाशी उभं केलं आणि पदराला हात पुसत बाहेर आल्या. आम्ही रिक्षा केली. सायकल शाळेतच राहिली.

परत आलो तेव्हा भाईदास आतल्या खाटेवर आडवा होता. गव्हाला पाणी देता देता उठून आला होता. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. त्याच्या हातातून नळी पिशवीत जात होती आणि तो मॅडमशी भांडत होता.

"लवकर ल्या, ताई. तठे लाईट शे, आठे नई. मोटर चालूच टाकीसन उनू मी. बठ्ठं पानी शेजारीना वावरमा जाई."

"जाऊ दे शेजाऱ्याच्या," मॅडम म्हणाल्या. "त्याचाही गहू पिकेल."

"तो पिकाडाले मन्हंच पानी बरं सापडनं त्याले!"

भिकुबाई त्याच्या पायांशी बसली होती. त्याच्या पायांवरचा चिखल ती आपल्या लुगड्याच्या टोकानं पुसत होती. तो पाय मागे घेत होता, ती पुन्हा ओढत होती.

दोघांच्या दोन पिशव्या मंदाच्या रक्ताशी जुळवून पलीकडे गेल्या. मग आमच्या हातात काही उरलं नाही. मी रक्तपेढीच्या पायरीवर बसलो. दिवे आले तेव्हाही बसलो होतो. बऱ्याच वेळानं वना रस्ता ओलांडून आला. त्यानं नुसता हात खाली दाबल्यासारखा केला. म्हणजे थांबलं. रक्त थांबलं.

मंदाला घरी सोडलं त्या दिवशी भिकुबाई बाळाला घेऊन मला भेटायला आली. "तुले कसं समजनं, भाऊ?" तिनं विचारलं. "डाक्टरनीले नई समजनं, त्या डब्बाले नई समजनं."

"घरचं माणूस त्यात दिसलं नाही, अक्का. म्हणून."

तिला कुणीतरी सांगितलं असावं. तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि मी थोडा वेळ ते धरलं. मुलगी होती.

दुसऱ्याच आठवड्यात जीवराम जळगावहून स्वतः आला आणि प्रोग्राम दुरुस्त करून गेला. चहासुद्धा घेतला नाही. कार्डांचे खणही गोदामातून परत आले. रुपचंदशेठ म्हणाले, असू देत दोन देव्हारे.

त्या संध्याकाळी मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. सगळे गेले होते. त्यांनी खुर्ची ओढली.

"त्या दिवशी वहिनींचं नाव होतं म्हणून मंदा वाचली, हे मला मान्य आहे," त्या म्हणाल्या. "पण नाना, तुम्ही कधीतरी रजेवर असाल. दुसरं कुणी यादी काढेल. पहिलं नाव धुळ्यातलंच, म्हणून सगळ्यात आधी तुमच्या घरी जीप पाठवेल. दार वाजवून माणूस उभा राहील आणि तिकडे कुणाचं तरी रक्त जात असेल."

मी हो म्हटलं. त्या गेल्यावर मी दोन दाबलं, तिची नोंद उघडली. नाव, पत्ता, पाडव्याची तारीख. माझ्याच हातानं भरलेलं सगळं. बराच वेळ बघितलं. मग नोंद काढून टाकली.

पुन्हा तीन दाबून गट टाकला. यादी आता चोपड्याच्या दात्यापासून सुरू झाली. भाईदास आणि कुंदाबाई तीन महिने यादीत दिसणार नव्हते. ते यंत्रानं आता बरोबर ओळखलं होतं. मी कॉम्प्युटर बंद केला, कुलूप लावलं आणि देवपूरच्या शाळेत राहिलेली सायकल आणायला निघालो.