त्रेचाळिसाव्या पानाची जोडी

मित्रांनो, मी एक जुना पानदाखव्या आहे. संगणकात राहतो आणि स्कॅन केलेले कागद स्क्रीनवर पान पान करून दाखवतो. माझे कागदोपत्री नाव लांबलचक आहे, पण ते उच्चारायच्या भानगडीत आजवर कोणी पडलेले नाही. पानदाखव्या हे नाव माझे मीच ठेवले. आपले कौतुक दुसरे कोणी करत नसेल तर आपणच थोडे करून घ्यावे, अशा मताचा मी आहे.

माझा जन्म तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत झाला. पाच-सहा माणसे वर्षभर माझ्यामागे हात धुऊन लागली होती. त्यांनी मला नाना प्रकारे पाने मांडायला शिकवले. एका वेळी एकच पान दाखवायचे, सगळी पाने एकाखाली एक सलग सोडायची, उघड्या पुस्तकासारखी दोन पाने शेजारी शेजारी ठेवायची. पान आडवे करायचे, रुंदीला बसवायचे, मेनूची पट्टी हवी तर दाखवायची, नको तर लपवायची. एवढे सगळे शिकवले, पण यातले काहीही आपणहून करण्याची मुभा मात्र दिली नाही. कोणी बटण दाबेल तेव्हा हलायचे आणि जिथे सोडले तिथे थांबायचे. तुम्हाला कधी बाईंनी वर्गाच्या कोपऱ्यात उभे केले असेल, तर माझी थोडीफार कल्पना येईल. फरक एवढाच, की माझी घंटा कधी होत नाही.

मला एका प्रसूतिगृहाच्या दफ्तरखोलीत बसवले. तळमजल्यावरची खोली, खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत. तिथे पन्नास वर्षांच्या जन्मनोंदींची रजिस्टरे होती. कागद पिवळे पडून तुटू लागले, म्हणून सगळी स्कॅन केली आणि मूळ रजिस्टरे दूरच्या गोदामात पाठवून दिली. तिथून एखादे परत मागवायचे तर तीन महिने लागतात. त्यामुळे त्या इमारतीत जन्मलेल्या हजारो माणसांच्या नोंदी माझ्या एकट्याच्या भरवशावर आल्या.

या रजिस्टरांची एक पद्धत तुम्हाला सांगायला हवी. एकेक नोंद दोन पानांवर पसरलेली असते. डाव्या पानावर अनुक्रमांक, आईचे नाव, वय आणि व्यवसाय. त्याच ओळीत पुढे, उजव्या पानावर बाळाची जन्मतारीख, वेळ, मुलगा की मुलगी, आणि वजन. म्हणून ही दोन पाने शेजारी शेजारीच दिसली पाहिजेत. त्यासाठी माझ्या मेनूत एक लहानसा चौकोन आहे, ‘पहिले पान स्वतंत्र दाखवा’. त्यात खूण केली की पुठ्ठ्याचे पान एकटे राहते आणि पुढे दोन-तीन, चार-पाच अशा खऱ्या जोड्या लागतात. खूण काढली की मी एक-दोन, तीन-चार अशा जोड्या लावत सुटतो. मग बाळांच्या पानाशेजारी पुढच्या वीस आयांचे पान येऊन बसते.

तिथल्या जुन्या कारकुनांना सगळे टापटीपकाका म्हणत. टेबलावर पेन्सिल तिरकी पडलेली त्यांना खपत नसे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला वळण लावले. दोन पाने शेजारी, पहिले पान स्वतंत्र. मेनूची पट्टी डोळ्यांत खुपते म्हणून तिला लपवून टाकले. लागेल तेव्हा ते एक बटण दाबून तिला बोलावत. अकरा वर्षे आमचे छान जमले. चहा आणणाऱ्या मावशींना ते सांगत, की या खोलीत न कुरकुरता काम करणारा हा एवढा एकच आहे. मी कुरकुरत होतो, पण ते त्यांना ऐकू येणार कसे?

आणि चूक नेमकी त्यांच्याच हातून झाली. निवृत्तीच्या आदल्या दिवशी कोणीतरी त्यांना निवृत्तीच्या नियमांची पुस्तिका स्कॅन करून पाठवली, पण पुठ्ठा सोडून. त्यामुळे तिच्या पानांच्या जोड्या चुकू लागल्या. काकांना ते बघवेना. त्यांनी चौकोनातली खूण काढली, पुस्तिका नीट बसली, आणि हाताच्या सवयीने त्यांनी ‘हीच मांडणी कायम ठेवा’ दाबले. मग पट्टी लपवली, फडक्याने स्क्रीन पुसला आणि ते निघाले. रजिस्टरांचे काय, असे मी जीव तोडून विचारत होतो. त्यांनी टेबलावरची पेन्सिल सरळ केली आणि दिवा बंद केला.

त्यांच्या जागी एक कारकूनताई आली. चुणचुणीत होती, कामाला वाघ होती, पण माझ्याबद्दल तिला कोणी चकार शब्द सांगितला नव्हता. मेनू दिसत नाही म्हणजे मेनू नसेलच, असे तिला वाटले. डावीकडे बाळे आणि उजवीकडे आया, हीच इथली पद्धत असावी असे ती धरून चालली. पहिल्या सतरा दिवसांत जुन्या नोंदीसाठी दोनच माणसे आली आणि दोघांनाही फक्त जन्मतारीख हवी होती. माझा जीव टांगणीला लागला होता तो तिसऱ्या माणसासाठी.

तिसरी आली ती एक परिचारिका. तिला परदेशातल्या इस्पितळात नोकरी लागली होती, नऊ दिवसांनी विमान होते आणि जन्मनोंदीचा उतारा हवा होता. ताईने तारीख विचारली, त्रेचाळिसावे पान उघडले आणि सातव्या ओळीवर बोट ठेवले. तारीख बरोबर. वेळ बरोबर. वजनही आई सांगायची तेच. मग ताईचे बोट ओळीने उजवीकडे सरकले, चव्वेचाळिसाव्या पानावर, आणि तिने आईचे नाव वाचले. ते भलत्याच बाईचे होते.

परिचारिका म्हणाली, की हे माझ्या आईचे नाव नाही. ताईने पुन्हा वाचले. रजिस्टरात जे आहे तेच मला लिहावे लागते, असे ती सांगत राहिली. त्यात तिचे काय चुकले?

परिचारिकेने ते नाव स्वतः वाचून पाहिले. घरात सगळे सावळे आणि ठेंगणे, ही एकटीच उंच आणि गोरी. लहानपणी भाऊ चिडवायचे, की तुला दवाखान्यात बदलून आणलंय. हे ती ताईला हसत सांगायला गेली, पण तिला स्वतःलाच हसू आले नाही.

“मी स्वतः बाळांच्या कक्षात काम करते,” ती हळूच म्हणाली. “अदलाबदल होऊ शकते. मला माहीत आहे.”

ताईने लिहून दिलेला उतारा तिने घडी करून पर्समध्ये ठेवला आणि ती गेली. मित्रांनो, बेचाळिसावे पान माझ्याजवळच होते. त्याच्या सातव्या ओळीत तिची आई होती. एका खुणेचे अंतर, आणि मला बोट नाही की तोंड नाही. त्या दिवशी मला बनवणाऱ्यांचा फार राग आला. सगळे माहीत असून गप्प बसावे लागणे, याच्याइतकी वाईट कोठडी नाही.

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी, विमानाच्या आदल्या दिवशी, एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई दफ्तरखोलीत शिरली. तिच्या बोटांना सरस वाळून बसला होता. मागे दारातच परिचारिका उभी राहिली, आत यायला तयार नव्हती. बाईने ताईला सांगितले, की ती पुस्तकबांधणी करते. मुलीच्या कागदपत्रांसाठी जाड पुठ्ठ्याची फाइल शिवत होती, तेव्हा कागदांत तिला हा उतारा सापडला. मुलगी आठ दिवस घरात धड बोलत का नाही, ते तेव्हा उलगडले.

“मला ते पान दाखवा,” ती म्हणाली.

ताईने स्क्रीन तिच्याकडे वळवला. मला वाटले, ही नाव वाचेल आणि रडेल. तिने नाव वाचलेच नाही. ती पानांच्या कडा बघत होती, आधी डावी, मग उजवी, मग मधली फट.

“ताई, ही पानं समोरासमोरची नाहीत.”

ताई म्हणाली, संगणक दाखवतोय ना.

“चाळीस वर्षं पुस्तकं शिवलीत मी. शिवण दोन पानांच्या मधे असते. इथे दोऱ्याची भोकं बघा कुठे आहेत. ह्या पानाच्या डाव्या कडेला, त्या पानाच्या उजव्या कडेला. शिवण अशी बाहेर नसते.”

मला कवटाळता आले असते तर मी त्या बाईला कवटाळले असते. ताईने वाकून पाहिले. भोके खरोखरच बाहेरच्या कडांना होती. तिने मागची जोडी उघडली. एक्केचाळीस आणि बेचाळीस आली. बेचाळिसावर सातव्या ओळीत बाईचे नाव होते. परिचारिका एक पाऊल आत आली. पण ताई भांबावली होती, तरी कामात कच्ची नव्हती. नाव आहे, पण ते कुठल्या बाळाच्या ओळीतले, हे दोन्ही पाने शेजारी दिसल्याशिवाय मी कसे लिहून देऊ, असे ती म्हणाली. आणि पाने शेजारी आणायची कशी, ते तिला ठाऊक नव्हते. तिने इकडे क्लिक केले, तिकडे क्लिक केले. मी आडवा झालो, उलटा झालो, एवढा मोठा झालो की स्क्रीनवर एकच अक्षर मावले. शेवटी तिने टापटीपकाकांना फोन लावला.

काका आधी ठासून म्हणाले, की मी सगळे नीट लावून दिले होते. मग ताईने त्यांना पानांच्या जोड्या कशा लागल्या आहेत ते सांगितले.

“ती खूण मीच काढली,” ते म्हणाले. “वरच्या रांगेतलं एफ दहा दाब. पट्टी येईल.”

पट्टी आली. ताईने चौकोनात खूण केली. सगळ्या रजिस्टरभर माझी पाने एकेक जागा सरकली आणि बेचाळीस येऊन त्रेचाळिसाशेजारी बसले, शिवण मधोमध. इतक्या दिवसांनी मला सुटल्यासारखे वाटले.

“वाच,” आई म्हणाली. ती स्वतः स्क्रीनकडे बघत नव्हती, मुलीकडे बघत होती.

मुलीने सातव्या ओळीवर बोट ठेवले. आईचे नाव वाचले, वय वाचले, ‘व्यवसाय, पुस्तकबांधणी’ असे वाचले. पुढे बोट शिवणीवरून पलीकडे गेले आणि स्वतःच्या वजनापाशी येऊन थांबले. मग ती रडायला लागली. चुकले माझे, असे म्हणत राहिली.

आईने नवा उतारा तयार होईपर्यंत वाट पाहिली. तो फाइलीत ठेवला. मग म्हणाली, “आठ दिवस तू माझ्याशेजारी जेवायला बसली नाहीस. उद्या तर चाललीस.”

मुलीने आईच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघी गेल्या. विमानतळावर त्या काय बोलल्या, काही बोलल्या की नाही, मला कळायला मार्ग नाही. मी इथेच असतो. संध्याकाळी ताईने पट्टी पुन्हा लपवली, कारण ती डोळ्यांत खुपते. खूण मात्र ठेवली, आणि टेबलावर एक चिठ्ठी चिकटवली: ‘शिवण मधे आहे का, आधी बघा.’

मित्रांनो, तुमच्या संगणकातही माझा कोणी भाऊबंद असेल. त्याची मांडणी बदललीत तर काम झाल्यावर पूर्वीसारखी करून ठेवा, आणि पुढच्या माणसाला सांगा. तो बापडा बोलणार नाही. पण तुम्हाला बोलता येते. कुठल्याही कागदाने तुम्हाला तुमच्या माणसाबद्दल काही सांगितले, तर त्याच दिवशी घरी जाऊन त्या माणसाला विचारा. त्या मुलीने पहिल्याच दिवशी आईला विचारले असते, तर त्या दोघींना आठ दिवस मिळाले असते.